चिमट्याची दोन टोकं

फोड आला की आण्णा पहिल्यांदा चष्मा काढायचे. मग दात उजेडाकडं धरून फिरवायचे आन् म्हणायचे, "खाली कायतरी अडकलंय बघ."

दात म्हंजे खरा न्हवं, कॅप. आत मेटलची टोपी, वर पोर्सलीन. राजारामपुरीत सायकलच्या दुकानावर गुरुप्रसाद सरांची दोन खोल्यांची लॅब हाय. डॉक्टरांकडनं माप येतंय, आमी दात करून पाठवतो. आण्णा पोर्सलीनचं काम करत्यात. वय अडुसष्ट. चाळीस वर्सं लोकांचे दात केले, आन् स्वतःच्या तोंडात दाढ एक न्हाय. दुपारी चहात टोस्ट बुडवून खात्यात, तेबी भिंतीकडं तोंड करून.

मी वर्षाराणी. गडमुडशिंगीची. दहावीत शाळा सोडली. शहरातल्या नव्या बाई आल्यात्या. आमच्यात पोरीबी 'मी गेलो, मी आलो' असंच बोलत्यात. बाईंनी मला उभं करून वर्गात नक्कल केली, म्हणल्या, पोरगा हायस व्हय गं तू? समदी हसली. मी डस्टर उचलून मारला. बाईंना लागला न्हाय, कपाटाच्या काचंला लागला. दुसऱ्या दिवशी येऊन माफी माग म्हणून निरोप आला. आजून गेलो न्हाय.

आई-बा इचलकरंजीला मागावर हायेत. एक खोली, त्यात धाकटी दोघं, मी कुठं मावणार? म्हणून चुलत्याकडं ऱ्हातो. चुलती वाईट न्हाय, नुसती बोलत न्हाय. पाचला गॅस मोकळा असतोय, तेवढ्यात दोन भाकरी थापायच्या, चटणीवर तेल सोडायचं, डबा भरायचा, केएमटीची बस धरायची. सांच्याला परत गेलो की माझं ताट झाकून ठेवलेलं असतंय आन् समदी टीव्हीकडं बघत असत्यात. दिवसभरात मला 'वर्षा' अशी हाक आण्णाच मारायचे, तेबी "वर्षा, चिमटा दे" एवढ्यापुरती. तेवढीबी मला पुरायची.

लॅबमध्ये दीड वर्स झालं. सुरवातीला मागं पत्र्याच्या खोलीत प्लॅस्टर कालवायचो. मग सँडब्लास्ट, म्हंजे मेटलवर वाळूचा मारा. दिवाळीनंतर आण्णा सरांना म्हणाले, हिची नजर चांगली हाय, हिला पांढरं लावाय शिकवतो. तवा मला त्यांच्या शेजारी स्टूल मिळालं.

पांढरं म्हंजे पहिला थर. मेटलचा काळा रंग झाकायला लावायचा. त्याच्या आधीचा एक कायदा हाय. मेटल वाळूच्या मारानं साफ झालं की त्याला बोट लावायचं न्हाय. बोटाचं तेल लागतंय. आण्णा म्हणायचे, नवऱ्या मुलीला हळद लागल्यावर कसं कुणी शिवत न्हाय, तसं. मेटल कोरंच एकदा भट्टीत भाजायचं, तिथनं पुढं समदं चिमट्यानं. लांब वाकड्या टोकाचा चिमटा, भट्टीशेजारी खिळ्याला टांगलेला. त्यानंच धरायचं, त्यानंच ठेवायचं. आण्णांनी मला रोग वळखाय शिकवले. दात दुधाळ दिसला तर भाजणी कमी. कडा वितळून गुळगुळीत झाल्या तर जास्त. तडा गेला तर भट्टीतनं काढायची घाई केली. आन् फोड आला तर खाली कायतरी अडकलंय. घाण, ओल, न्हायतर तेल.

थंडी पडल्यापासनं फोडच याय लागले. तीन आठवड्यात अकरा कॅपा माघारी. समद्या मी पांढरं लावलेल्या.

सोमवारी सरांनी मला पुढं बोलावलं. वरडले न्हाईत. वरडले असते तर मलाबी वरडता आलं असतं. म्हणाले, शनिवारी तू इचलकरंजीला गेलतीस, आण्णांनी पांढरं लावलं, पाचच्या पाच कॅपा साफ. आता मी काय समजायचं? संयोगिता मॅडमनी फोन केलता. त्या आमच्या मोठ्या डॉक्टर, निम्मं काम त्यांचंच. त्यांची एक पेशंट स्कूटरवरनं पडून पुढचे चार दात घालवून बसलीती. शाळेतली बाईच नेमकी. पुढच्या सोमवारी वर्गावर जायाचं, तवा शनिवारी ब्रिज, म्हंजे जोडलेले चार दात, पायजे. शुक्रवारी दुपारी पांढरं तूच लाव, सर म्हणाले, ह्यात फोड आला तर तू परत प्लॅस्टरला.

मी जाग्यावर येऊन बसलो. आण्णा ब्रश धूत हुते. त्यांनी पाण्याचा वाडगा माझ्याकडं सरकवला.

प्लॅस्टरची खोली मला ठावं हाय. तिथं दिवसभर कोण येत न्हाय. पांढरी धूळ, पत्रा, आन् भट्टीच्या खोलीत उघडणारी एक खिडकी, तिचीबी काच घासून आंधळी झालीया.

मंगळवारी मी वाळू बदलली. हात तीनदा धुतले. हातमोजे घातले. दुपारच्या दोन कॅपांना फोड आलेच.

तवा माझं डोस्कं फिरलं. शेजारच्या टेबलावर अंतरा बसती, मंगळवार पेठेतली. मेणाची कामं करती. लांब केस, रोज तेल लावती, वेणी पुढं घेऊन बसती. एवढ्या लॅबमध्ये तेल कुणाकडं हाय? मी उठलो आन् सरांसमोरच म्हटलं, हिच्या वेणीचं तेल माझ्या मेटलला लागतंय. हीच येताजाता माझ्या ताटलीवरनं वाकती.

अंतरानं मेणाची सुरी खाली ठेवली.

"मी तुझ्या मेटलला कधी हात तरी लावलाय का गं?"

"केसाला हात लावायची गरज न्हाय. लोंबतोयच की."

तिनं कानात मोबाईलची वायर घातली आन् भिंतीकडं वळली. मानंवरनं कळत हुतं रडती ते. सकाळी याच पोरीनं मला अर्धा पेरू दिलता. ती रोज दुपारी दोन गल्ल्या सोडून मावशीकडं जेवाय जायाची, आन् एकदा मलाबी चल म्हणलीती. मी गेलो न्हवतो. माझ्या भाकरीला कोण नाक मुरडलं तर मी काय करंन ते माझं मलाच ठावं न्हवतं.

बुधवारी मी माघारी आलेल्या कॅपा एका ओळीत मांडल्या. राग आला की मी मोडतोड करतो, न्हायतर बघत बसतो. बघत बसलो. प्रत्येक कॅपंवर दोन फोड हुते. एक न्हवं, तीन न्हवं, दोन. एक पुढच्या अंगाला मुळापाशी, दुसरा मागच्या अंगाला, बरोबर समोरासमोर. एका फोडात सुई खुपसली तर दुसऱ्यातनं निघंल अशी. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काढून बघितल्या, त्यांच्यावर आमी पांढरं लावल्याची वेळ टिपतो. सकाळी लावलेल्यातली एक न्हाय. समद्या दुपारच्या.

मी खिळ्यावरचा चिमटा काढला आन् कॅपंवर धरला. दोन टोकं दोन फोडांवर बसली.

लई दिवसांनी मला हसाय आलं. आण्णांना दाखवणार हुतो, पण ते सरांशी बोलत हुते. म्हंजे सर बोलत हुते आन् ते मान हलवत हुते. सर नवीन मशीनचं सांगत हुते, कंप्युटरवर दात कापायचं. आण्णा, तुमचेबी हात आता हलाय लागल्यात, उन्हाळ्यात बघू काय करायचं ते. हे बोलणं मी चौथ्यांदा ऐकत हुतो. गेल्या बारीला आण्णांच्या दोन कॅपांचा रंग चुकला, तवा सर म्हणालेते, आणखी एक चूक दिसली की थांबायचं, आण्णा. आण्णा ह्या बारीलाबी "व्हय, व्हय" म्हणाले.

बेस्तरवारी सकाळी स्पिरिटच्या कापसानं चिमटा पुसला. कापूस पांढराच. टांगून ठेवला. दुपारी जेवून आलो आन् दोन वाजता परत पुसला. कापूस तांबूस झाला.

वास घेतला. कांदा-लसूण चटणी.

कोल्हापुरात कुणाच्या घरात चटणी नसती? पण आमची चुलती तिच्यात मेथी भाजून घालती, जराशी कडसर. तो वास मी डोळं झाकून वळखतो. ती माझ्या डब्यातली चटणी हुती. डब्याच्या झाकणाची रबरी रिंग गणपतीतच गेलीया, काठानं तेल पाझरतंय. पण माझा डबा रॅकवर, कापडी पिशवीत, गाठ मारून. चिमटा खिळ्यावर. डबा काय पिशवीतनं उतरून चिमट्यापाशी जाणार?

त्या दिवशीच्या तीन कॅपा पुसलेल्या चिमट्यानं धरल्या. तिन्ही साफ निघाल्या. कुणाला बोललो न्हाय, सरांनाबी दाखवल्या न्हाईत. आधी बघायचं हुतं.

शुक्रवारी अंतरा आली न्हाय. आई आजारी हाय म्हणून कळवलंतं. तिची खुर्ची रिकामी बघून मला बरं वाटायला पायजे हुतं, वाटलं न्हाय.

सव्वाबाराला सर घरी जेवाय गेले. जेवायच्या आधी मी रोजच खाली नळावर हातपाय धुवाय जातो, तसंच म्हटलो, आण्णा, खाली जाऊन येतो जरा. जिना उतरलो, चपला खालीच काढल्या, आन् अनवाणी वर आलो. दाराच्या फटीतनं बघाय लागलो.

आण्णांनी घड्याळ बघितलं. उठले. रॅकवरची माझी पिशवी काढली, गाठ सोडली, डबा काढून भट्टीच्या डोक्यावर ठेवला. भट्टी वरनं तापलेली असती, तिथं आमी कधीमधी ब्रश वाळत घालतो. मग ते तिथंच उभे ऱ्हायले, डब्याकडं बघत, दूध उतू जाईल म्हणून बाया उभ्या ऱ्हातात तसे. एकदा डबा फिरवला. दहाएक मिनिटं गेली. डबा तापला असणार, हातानं धरवंना. त्यांनी खिळ्यावरचा चिमटा घेतला, डब्याचा काठ धरला आन् अलगद खाली उतरवला. बूड पंच्यानं पुसलं. पिशवीत घातला, दोन गाठी मारल्या, रॅकवर ठेवला. चिमटा खिळ्याला. मग भिंतीकडं तोंड करून बसले आन् टोस्टचा पुडा फोडला.

मी गाठ एकच मारतो. तीन आठवडे रोज दुपारी दोन गाठी सोडत हुतो आन् माझ्या ध्यानात आलं न्हवतं. डबा ऊन लागायचा, तर मला वाटायचं, रॅक भट्टीशेजारी हाय म्हणून असंल. शनिवारी मी न्हवतो, डबा न्हवता, म्हणून फोडबी न्हवते. सरांचा हिशेब बरोबरच हुता.

मी परत खाली गेलो. चपला घातल्या आन् पाय वाजवत वर आलो. गॅलरीत बसून जेवलो. भाकरी ऊन हुती, मध्यात मऊ. ठावं नसताना चांगली लागायची. आता निम्मी तशीच डब्यात ठेवली.

दोन वाजता आण्णांची पाठ वळल्यावर चिमटा पुसला. कापूस तांबडा. दुसऱ्या कापसानं पुसला, तिसऱ्यानं, कापूस पांढरा निघूस्तवर. मग बाईंच्या ब्रिजचं मेटल धरलं आन् पांढरं लावलं. आण्णांनी वरचं पोर्सलीन चढवलं. त्यांचा हात हलतोय हे खरं हाय, पण ब्रश टेकायच्या क्षणाला थांबतोय. ते मी लई बारीला बघितलंय, सरांनी बघितलं नसंल. साडेचारला भट्टी उघडली. आण्णांनी चष्मा काढला, ब्रिज उजेडाकडं धरला, फिरवला, परत फिरवला.

"फोड न्हाय," म्हणाले. आन् माझ्याकडं बघून हसले, बिनदाढांचं.

मी ठरवूनच टाकलं. कुणाला काय सांगायचं न्हाय. रोज दोन वाजता चिमटा पुसायचा. डबा ऊन मिळंल, आण्णांना कळणार न्हाय, स्टूल माझं ऱ्हाईल. एवढं सोपं.

सर आले. ब्रिज बघून खूश झाले. फोनवर संयोगिता मॅडमना सांगाय लागले, व्हय मॅडम, कारण सापडलं. आज ती मुलगी नव्हती ना, लगेच फरक. केसांचं तेल, मॅडम. व्हय, तिला आता येऊ नको सांगतो. सोमवारपासनं दुसरी बघतो.

फोन ठेवून माझ्याकडं बघितलं. "तू म्हणत हुतीस तेच खरं झालं. शाबास."

आजवर मला शाबास कुणीच म्हटलं न्हवतं, आन् आलं तेबी असं.

मी आण्णांकडं बघितलं. ते ब्रश धूत हुते. त्यांना कायबी ठावं न्हवतं. खरं सांगितलं तर उन्हाळ्यापतूर थांबायचीबी गरज न्हवती, सरांच्या हातात चूक आयतीच आली असती. न सांगितलं तर अंतराची खुर्ची जाणार, आन् ती घालवायचं काम मीच मंगळवारी तोंडानं करून ठेवलंतं.

"अंतराचं न्हाय त्ये," मी म्हटलो. "माझ्या डब्याचं तेल हाय."

मी चिमटा आणला, माघारी आलेली कॅप आणली, दोन टोकं दोन फोडांवर बसवून दाखवली. कागदात बांधून ठेवलेला तांबडा कापूस दिला. डब्याला रिंग न्हाय, काठानं तेल येतंय. डबा भट्टीवर तापला, चिमट्यानं उतरवला, तोच चिमटा मेटलला लागला. एवढंच. ह्यात एक अक्षर खोटं न्हवतं.

पाण्याच्या वाडग्यात ब्रशचा आवाज थांबला.

"भट्टीवर डबा?" सर म्हणाले. "पोर्सलीनच्या भट्टीवर भाकरी गरम करतीस तू?"

"गुरू…" आण्णा मागनं म्हणाले.

मी आवाज चढवला. "माझा डबा हाय, सर. गार भाकरी खाववत न्हाय मला. चूक झाली. आण्णा, तुमचा ब्रश सुकतोय तिकडं."

आण्णा गप बसले. सरांना मग रागवायला जागा मिळाली, आन् ते पोटभर रागवले. तेरा कॅपा वाया, मॅडमसमोर खाली बघायची पाळी, आन् बिचारी अंतरा. सोमवारपासनं प्लॅस्टर. भट्टीच्या खोलीत पाय ठेवायचा न्हाय. मी व्हय म्हटलो. एरवी मी असं ऐकून घेतलं नसतं. हातापाशी कॅपांची ताटली हुती, उचलली न्हाय.

सांच्याला जिन्यात आण्णा कठडा धरून उभे हुते.

"मी बोलणार हुतो," म्हणाले.

"ठावं हाय."

"बोललो न्हाय."

"व्हय."

त्यांना आणखी कायतरी म्हणायचं असावं. गळ्यातला पंचा काढून हातावर गुंडाळला, परत सोडला. मग एक-एक पायरी खाली गेले. मी त्यांच्या मागनं, पण दोन पायऱ्या सोडून. बसस्टॉपला ते एका बाजूला गेले, मी एका.

सोमवारी अंतरा आली. मी तिच्यापाशी जाऊन म्हटलो, चुकलं माझं. ती "ठीक आहे" म्हणाली आन् कानात वायर घातली. तिच्या वेणीला त्या दिवशी तेल न्हवतं. केस भुरकट दिसत हुते, त्येबी माझ्यामुळंच. बाईंचा ब्रिज बसला असं सर म्हणाले. वर्गात उभ्या ऱ्हाऊन बोलत असतील आता कुणाला तरी.

आता मी पत्र्याच्या खोलीत असतो. सकाळी मापं येत्यात, प्लॅस्टर कालवायचं, ओतायचं, वाट बघायची. कुणाचंबी तोंड न बघता मला लोकांचे जबडे ठावं झाल्यात. डबा हितंच, पोत्यावर. मी आता त्यात चटणी घालत न्हाय, भाकरीसंगं नुसता गूळ आणतो. म्हंजे आता तापवला असता तरी चाललं असतं.

एक नवीन कळलं. प्लॅस्टर घट्ट व्हाय लागलं की आपोआप तापतंय. दीड वर्सामागं हितंच हुतो, तवा ध्यान दिलं न्हवतं. साडेबाराला उरलेलं प्लॅस्टर वाडग्यात कालवतो आन् डबा त्याला टेकवून ठेवतो. भाकरीची एक बाजू कोमट हुती. दहा-बारा मिनिटं तो वाडगा जितं जनावर असल्यागत ऊन लागतोय. मी त्याच्यावर हात ठेवून बसतो. मग गार पडतोय आन् दगड हुतोय.

काल खिडकीची काच ओल्या फडक्यानं पुसली. पलीकडचं आता दिसतंय. साडेबाराला आण्णा घड्याळ बघत्यात, उठत्यात, रॅकपतूर जात्यात. रॅकवर काय नसतंय. थोडा वेळ तिथंच उभे ऱ्हातात. मग भिंतीकडं तोंड करून टोस्ट काढत्यात.

मी काचंवर टकटक करणार हुतो. हाताला प्लॅस्टर हुतं, काच परत पांढरी झाली असती.